एजिंग मशीन घेण्याआधी जॉबची वही वाचा

भांडुप पश्चिमेला स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर माझं चष्म्याचं दुकान आहे. जागा १४० चौरस फूट, वर पोटमाळा. दुकान टाकल्यावर पहिलं दीड वर्ष मी एकही लेन्स स्वतः कापली नाही. नंबर तपासायचा, फ्रेम आणि ब्लँक (न कापलेली गोल लेन्स) पाकिटात घालून वर पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) आणि ॲक्सिस (सिलिंडर नंबराचा कोन) लिहायचं. मग दुकानातला मुलगा दादरला गाडी बदलून ते पाकीट गिरगावच्या वर्कशॉपात पोचवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार चष्मे यायचे. पावसाने लोकल रखडल्या की तिसऱ्या दिवशी. जुना चष्मा फुटलेला, नवा नसेल तर उद्या कामावर जाता येणार नाही, अशा माणसाला 'परवा या' सांगताना मला फार लागायचं. म्हणून एजिंग मशीन किंवा एजर, म्हणजे ब्लँक फ्रेमच्या आकाराला कापणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. आता ऑप्टिशियनचा किंवा ऑप्टोमेट्रीचा कोर्स संपवून दुकान टाकणारी मुलंमुली विचारतात, 'ताई, कुठलं मशीन घेऊ?' त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी जवळजवळ चूक करून बसले होते. एका विक्रेत्याने ट्रेसर (फ्रेमचा आकार वाचणारा), ब्लॉकर (लेन्स धरायचा ब्लॉक तिच्यावर चिकटवणारा), ग्रूव्हिंग (कडेला दोऱ्यासाठी खाच पाडणं), ड्रिलिंग (रिमलेससाठी लेन्सला भोकं पाडणं) असं सगळं असलेलं ऑटो एजर दाखवलं आणि मी कर्जाचे कागद मागवले. गिरगावच्या वर्कशॉपातले फिटर काका तीस वर्षं लेन्सच कापत आलेले. सही करण्याआधी त्यांना विचारायला गेले, तर ते मशीनबद्दल काही बोललेच नाहीत. म्हणाले, "पोरी, तुझी वही आण आधी."

वही म्हणजे जॉबची वही. आम्ही मागच्या तीन महिन्यांची पानं उलटली. चारशेच्या आसपास जोड्या होत्या. त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश फुल रिम, उरलेल्यांत बहुतेक सुप्रा, म्हणजे खालून नायलॉनच्या दोऱ्यावर लेन्स धरणाऱ्या. रिमलेस, म्हणजे लेन्सभोवती कडच नसलेल्या, फक्त तेरा. लेन्स बहुतेक साध्या प्लास्टिकच्या, सीआर-३९; पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लास्टिकच्या, साठेक, मुख्यतः शाळेच्या मुलांच्या. आणि मला ज्याचा विसरच पडला होता ते, चाळीसेक काचेच्या. आमच्याकडची जुनी माणसं, विशेषतः केटी बायफोकल (खाली वाचायच्या नंबराचा गोल भाग असलेली लेन्स) वापरणारी, काच सोडायला तयार नसतात. मी जे मशीन घ्यायला निघाले होते त्यात ड्रिलिंगचे पैसे मोजायचे होते आणि काच कापणारं व्हीलच नव्हतं. तेरा जोड्यांसाठी खर्च आणि चाळीस जोड्यांना नकार, असा तो सौदा होता.

तेव्हा पहिलं काम हे. दुकान नवं असेल तर आजपासून प्रत्येक जॉबपुढे फ्रेमचा प्रकार, लेन्सचं मटेरियल, पावर, कोटिंग आणि घाई होती का, एवढं लिहायला लागा. तीन महिने पुरतात. अंधेरीतल्या ऑफिसांजवळच्या दुकानाची वही आणि लालबागमधल्या दुकानाची वही एकसारखी निघणार नाही, आणि मशीनही एकच लागणार नाही.

दुसरं काम हात शिकवण्याचं. काकांनी मला सहा रविवार हँड एजरवर बसवलं. फिरणारं डायमंड व्हील, त्यावर पाण्याची धार, आणि दोन्ही हातांच्या बोटांत धरलेली लेन्स. लेन्स सतत आणि एकाच वेगाने फिरवत राहायची. एका जागी क्षणभर थांबलात की कडेला सपाट डाग पडतो आणि तो पुसायला अख्खी लेन्स लहान करावी लागते. काच असेल तर आधी हिऱ्याच्या कलमाने आकार आखून चिमट्याने कडा थोड्या थोड्या तोडायच्या आणि मगच व्हीलला लावायची. काच घासताना आवाज कोरडा, खरखरीत येतो, प्लास्टिकचा भरीव. पाणी कमी झालं की आधी आवाज बदलतो, नंतर कड जळते. बेव्हल, म्हणजे फ्रेमच्या खाचेत बसणारी इंग्रजी व्हीसारखी कड, शेवटी काढायची. मोठ्या मायनस नंबराची लेन्स कडेला जाड असते, तिची बेव्हल पुढच्या बाजूला ठेवली तर जाडी फ्रेमच्या मागे लपते. हे सगळं ऑटो एजर स्वतः करतं, तरी ज्याने हाताने केलं आहे त्यालाच मशीनने काय बिघडवलं ते कळतं. सहाव्या रविवारी माझ्या हातून एक मेटल फ्रेम फटीशिवाय भरली गेली. तो चष्मा काकांनी उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता खोक्यात ठेवला. मला तेवढं पुरलं.

याहून महत्त्वाचं त्यांनी शिकवलं ते कापण्याआधीचं: खूण करणं. समजा फ्रेमवर ५२-१८ लिहिलं आहे. म्हणजे एका डोळ्यापुढच्या लेन्सची रुंदी ५२ मिमी, मधला पूल १८, बेरीज ७०. गिऱ्हाइकाची पीडी ६२. फरक ८, म्हणून प्रत्येक लेन्सचं ऑप्टिकल सेंटर, म्हणजे नंबराचा मध्यबिंदू, ४ मिमी नाकाकडे सरकवायचं. न सरकवता मधोमध बसवलं तर काय होतं? सेंटीमीटरमधलं अंतर गुणिले पावर एवढा प्रिझम, म्हणजे नजर बाजूला ओढणारा दोष, तयार होतो. -१.०० च्या नंबराला ०.४, बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. -६.०० च्या नंबराला २.४, आणि दोन डोळ्यांचा मिळून ४.८. असा चष्मा घातलेला माणूस डोकं दुखतं म्हणून परत येतो आणि आपण त्याचा नंबर पुन्हा तपासत बसतो. सिलिंडरचं, म्हणजे एका ठरावीक दिशेपुरत्या नंबराचं, तसंच. ॲक्सिस १० अंशांनी फिरली तर सिलिंडरच्या सुमारे एक तृतीयांश इतका दोष डोळ्यासमोर उरतो. ३० अंशांनी फिरली तर उरलेला दोष मूळ सिलिंडरएवढाच असतो. ब्लँक पुरेल का हेही इथेच कळतं. त्याच फ्रेमचा सगळ्यात मोठा व्यास ५५ धरला तर ५५ अधिक सरकवण्याच्या दुपटीचे ८ अधिक २ मिमी सूट, म्हणजे ६५ चा ब्लँक जेमतेम बसतो. फ्रेम थोडी मोठी निघाली तर ७० चाच मागवायचा. लाखो रुपयांच्या मशीनला यातलं काही कळत नाही. तुम्ही जिथे ब्लॉक चिकटवाल तिथे ते इमानाने कापेल. म्हणून पैसे कमी असतील तर एजर साधं घ्या, लेन्सचा नंबर, सेंटर आणि ॲक्सिस मोजणारा लेन्सोमीटर मात्र चांगला घ्या.

आता मशीनकडे. जुन्या ऑटो एजरला प्रत्येक फ्रेमच्या आकाराचा प्लास्टिकचा फॉर्मर लागायचा. काकांच्या भिंतीवर अजून त्यांच्या माळा टांगलेल्या आहेत. आताच्या मशीनमध्ये ट्रेसरची बारीक सुई फ्रेमच्या खाचेतून फिरते आणि आकार वाचते. सुप्रा आणि रिमलेससाठी फ्रेमसोबत आलेली डेमो लेन्स ट्रेस करतात, म्हणून ती कधी फेकू नका. डेमोला जाताना विक्रेत्याची फ्रेम आणि विक्रेत्याचा ब्लँक घेऊन कापलेली लेन्स बघण्यात काही अर्थ नाही, ती छानच येणार. मी माझ्या दुकानातल्या चार अवघड फ्रेम पिशवीत घालून नेल्या होत्या: कोपरे टोकदार असलेली एक चौकोनी, एक पातळ मेटल, एक जाड प्लास्टिक शीटची, एक सुप्रा. आणि ब्लँकही आपलेच. उजवी-डावी लेन्स कापून एकमेकींवर पालथी ठेवली की आकार जुळतात का ते लगेच दिसतं. एका मशीनने माझ्या चौकोनी फ्रेमचे कोपरे गोल केले. विक्रेता म्हणाला, सेटिंगचा प्रश्न आहे. मी म्हटलं, मग सेट करून पुन्हा कापा. तिसऱ्यांदाही कोपरे गोलच आले आणि मी ते मशीन सोडलं.

पॉलिकार्बोनेट वेगळं कापून बघा. ते काचेसारखं झिजत नाही, उष्णतेने मऊ पडतं आणि साध्या व्हीलला चिकटून बसतं. म्हणून त्याला वेगळं व्हील, आणि सुरुवातीचा भाग बहुधा कोरडाच कापतात. धाग्यांसारखा कचरा निघतो. १.६७ इंडेक्सची (जास्त नंबरासाठीची पातळ) लेन्स कापताना गंधकासारखा उग्र वास येतो. छोट्या बंद दुकानात तो गिऱ्हाइकापर्यंत जातो, तेव्हा एक्झॉस्ट पंख्याची जागा आधी ठरवा.

माझ्या सगळ्यात जास्त लेन्स वाया गेल्या त्या मात्र कोटिंगमुळे. आताच्या अँटी-रिफ्लेक्शन लेन्सवर पाणी आणि तेल न टिकणारा निसरडा थर असतो. ब्लॉकचं स्टिकर त्यावर नीट धरत नाही, कापताना लेन्स किंचित फिरते, आणि आकार अगदी बरोबर येऊनही ॲक्सिस सात-आठ अंश हललेली असते. मी क्लँपचा दाब वाढवून बघितला, तर कोटिंगला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या. उपाय म्हणजे ब्लॉक करण्याआधी लेन्सवर घसरणरोधक फिल्म लावायची, मशीनला हळू कापायचा मोड असेल तर तो वापरायचा आणि कापून झाल्यावर प्रत्येक लेन्स, अगदी प्रत्येक, फ्रेममध्ये बसवण्याआधी लेन्सोमीटरखाली धरायची. मशीन विचारताना हा मोड आहे का, आणि दाब कमी-जास्त करता येतो का, हे विचाराच.

जागेबद्दल मुंबईत कोणी आधी सांगत नाही. मशीन पोटमाळ्यावर ठेवायचा माझा बेत होता. लाकडी फळ्या मशीनबरोबर थरथरतात आणि कडेवर लाटा उमटतात. शेवटी काउंटरमागे जमिनीवर लोखंडी स्टँड करून घेतला. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून सरळ नळाला जोडलेलं मशीन न घेता टाकी आणि पंपाने तेच पाणी फिरवणारं घेतलं. पाणी रोज बदलावं लागतं, नाहीतर फेस होतो आणि वास मारतं. आणि ते गढूळ पाणी मोरीत ओतू नका. पहिल्या पावसाळ्यात मी ओतत गेले. लेन्सचा भुगा पाइपात सिमेंटसारखा बसला आणि तळमजल्याच्या तीन दुकानांत पाणी तुंबलं. पाइप फोडून काढायचा खर्च मी दिला, शेजाऱ्यांची माफीही मागितली. आता दोन बादल्या ठेवते. रात्रभर भुगा खाली बसतो, वरचं पाणी जुन्या सुती कापडातून गाळून ओतते आणि गाळ वाळवून कचऱ्यात देते. वीज मध्येच गेली तर अर्धवट कापलेली लेन्स गेलीच समजा, म्हणून छोटा यूपीएस हवा.

जुनं मशीन घ्यायला हरकत नाही, माझंही जुनंच आहे. पण आत किती लेन्स कापल्या त्याचा काउंटर बघा, शाफ्ट हाताने हलवून ढिला आहे का ते बघा, खालून पाणी झिरपल्याचे गंजाचे डाग शोधा. आपल्या दमट हवेत एकदा गंज धरला की बोर्डापर्यंत जातो. व्हील किती उरलं ते विचारा. व्हीलची किंमत ऐकून सौदा बदलतो. सर्व्हिसचा माणूस कुठे राहतो ते सगळ्यांत आधी विचारा. तो पुण्याहून येणार असेल तर दुकान दोन दिवस पुन्हा 'परवा या' म्हणणार.

हिशेब सोपा आहे. समजा हप्ता आणि देखभाल मिळून महिन्याला १२,००० रुपये, आणि बाहेरून फिटिंग करून घ्यायचा दर जोडीला ६० रुपये. भागाकार २००. महिन्याला २०० जोड्या होत नसतील तर हँड एजर, एक छोटं ग्रूव्हिंग मशीन आणि चांगला लेन्सोमीटर एवढ्यावर सुरुवात करा. मी स्वतः तो आकडा गाठायच्या आधीच ऑटो एजर घेतलं आणि पहिले सात-आठ महिने हप्ता जड गेला. त्याच दिवशी चष्मा मिळतो हे कळल्यावर गिऱ्हाईक वाढलं, तेव्हा ओझं उतरलं.

काचेची केटी मी आजही हँड एजरवरच कापते, दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा. रिमलेसच्या चार-पाच जोड्या महिन्याला निघतात. त्या गिरगावला जातात आणि लेन्सवर मी खूण करून देते, कारण काकांना आता बारीक अक्षर वाचायला त्रास होतो. त्यांचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच लेन्समधून दिसणारा चष्मा, मीच कापून दिला आहे.