पिस्तुलाचा क्लास लावताय? पायरी गाळू नका

वावरात एकटं घर आहे, रात्रीबेरात्री जावं लागतं म्हणून आपल्याकडे बरेच जण शस्त्र परवान्यासाठी अर्ज करतात. शस्त्र नियम 2016 प्रमाणे त्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, नमुना एस-1. ते हाती आलं की आपण तयार झालो असं मात्र समजू नका. ती फक्त पहिली पायरी आहे.

सुरुवातीच्या वर्गात गोळ्या कमी झाडल्या तरी चालतील, पण पिस्तूल रिकामं करणं हाताला पक्कं बसलं पाहिजे. आधी मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी पाहायचा, बोटानेही चाचपायचा. क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते आणि माणूस पिस्तूल रिकामं समजून बसतो. घरात अपघात होतात ते असेच.

होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढणं, मॅगझिन बदलणं, अडकलेली गोळी सोडवणं हे पुढच्या वर्गात. तिथे कधी जायचं? कोणी न टोकता तुमचं बोट ट्रिगरबाहेर राहू लागलं की. चालता-चालता नेम धरणं त्यानंतरचं.

नागपूर-अमरावतीपर्यंत जायचं तर आधी फोनवर विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? कानाचं, डोळ्यांचं संरक्षण मिळतं का? आणि वर्षभर सराव सुटला असेल, तर खुशाल पुन्हा पहिल्या वर्गात बसा. त्यात कमीपणा नाही.