ॲमस्टरडॅमला सेंटरमध्ये हॉटेल घेताय? या चुका टाळा

सगळ्यात आधी जिना. बाकी सगळं निभावून नेता येतं, पण आई-बाबा बरोबर असतील तर जिना नाही निभावत. कालव्यांच्या भागातली बरीच घरं सतराव्या शतकातली, अरुंद आणि उंच, आणि मिडरेंज हॉटेलं कितीतरी वेळा अशी दोन-तीन घरं आतून जोडून केलेली असतात. पायरी इतकी चिंचोळी की पाऊल आडवं टाकावं लागतं, आणि २३ किलोची बॅग घेऊन वर जाताना एक हात कठड्याला आणि एक बॅगेला, म्हणजे मागच्या माणसाने देवाचं नाव घेत थांबायचं. घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला हूक दिसतो ना, लोक त्याचे फोटो काढतात, तो त्यासाठीच आहे, सामान जिन्याने जातच नाही म्हणून दोराने ओढून खिडकीतून आत घ्यायचं, आजही सोफा-कपाटं अशी चढवतात. हा भाग २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, घरं संरक्षित आहेत, त्यामुळे मनात आलं की लिफ्ट बसवली असं होत नाही.

म्हणून बुकिंगआधी मेसेज टाकून विचारा, लिफ्ट आहे का आणि ती आपल्या रूमच्या मजल्यापर्यंत जाते का. दोन्ही विचारा, कारण जोडलेल्या घरांचे मजले एका लेव्हलला असतीलच असं नाही आणि लिफ्टमधून उतरूनही पाच-सहा पायऱ्या निघू शकतात. उत्तर लेखी घ्या. ऑलरेडी बुक करून बसला असाल तर खालच्या मजल्याची रूम मागा, पण ती अर्धी जमिनीखाली आहे का तेही विचारून घ्या, नाहीतर खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतील.

दुसरी चूक आपल्याकडची खास, व्हिसा हातात नसताना दोन-तीन हजार वाचवायला नॉन-रिफंडेबल रूम घेणं. शेंगेनचा, म्हणजे नेदरलँड्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत येतो पण ४५ पर्यंतही जाऊ शकतो. फ्री कॅन्सलेशनवालीच घ्या, व्हिसा आला की मग स्वस्त बघा.

टॅक्स बघितला का? ॲमस्टरडॅमचा टुरिस्ट टॅक्स २०२४ पासून रूमच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे, म्हणजे व्हॅट सोडून १५० युरोची रूम असेल तर रात्रीला १८.७५ युरो वर. साइटवर पहिल्या नजरेला दिसणाऱ्या रेटमध्ये तो कधी धरलेला असतो कधी नसतो, आणि काउंटरवर वाद घालून काही उपयोग नाही, तो पैसा महापालिकेला जातो. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून हॉटेलवरचा व्हॅट ९ वरून २१ टक्के झालाय, तेव्हा मित्राने मागच्या वर्षी दिलेला रेट धरून बजेट करू नका. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या, फॉरेक्स कार्डावर रक्कम अडकली की सुटायला दिवस लागतात आणि तोवर खर्चाला पैसे नाहीत.

मुंबईहून रात्रीची फ्लाइट घेतली तर सकाळी पोचता, रूम मात्र दुपारी तीनच्या आसपास मिळते. रिसेप्शनवर भांडू नका हो, बॅगा ठेवून घेतात, फिरून या.

आवाजाचं म्हणाल तर लाइडसेप्लाइन आणि रेम्ब्रान्टप्लाइन या दोन चौकांच्या आजूबाजूला शुक्रवार-शनिवारी रात्रभर गोंधळ असतो. कालव्याकडची रूम दिसायला भारी, पण झोप हवी असेल तर मागच्या बाजूची घ्या. एसी नसेल तर उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पडदे जाड आहेत का तेही विचारा. सेंटरचा हट्टच नसेल तर माझ्या मते नोर्ड, म्हणजे पाण्यापलीकडचा उत्तरेचा भाग बरं, सेंट्रल स्टेशनच्या मागून तिकडे जाणारी फेरीबोट फुकट आहे.

बाथरूममध्ये बादली-मग नसतो, जेट स्प्रेही नाही, रिकामी बाटली ठेवा. शॉवरचा पडदा आतल्या बाजूला सोडा नाहीतर पाणी थेट कार्पेटवर. रूममध्ये इंडक्शन लावून खिचडी तर अजिबात नको, स्मोक अलार्म वाजला की अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं. केटल नसेल तर खाली मागा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं थंड पाणी मस्त असतं, आणि घेतलंच तर बाटली फेकू नका, छोट्या बाटलीचे १५ सेंट सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये परत मिळतात.