नोकरी सांभाळून इतिहास: संध्याकाळच्या मोडी वर्गाची तयारी

दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी इतिहासाच्या वर्गाला जाऊ इच्छिणाऱ्याने आधी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे आपल्याला इतिहास ऐकायचा आहे की वाचायचा आहे. ऐकण्याची सोय गावोगावच्या व्याख्यानमालांत चांगली असते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि जाण्यायेण्याचे श्रम खर्च करायचेच असतील, तर त्यांतून मूळ कागद स्वतः वाचण्याची ताकद यावी, असे माझे मत आहे. मराठ्यांच्या इतिहासापुरते बोलायचे, तर त्यासाठी मोडी लिपीला पर्याय नाही, कारण पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर असो किंवा तंजावरच्या मराठी राजवटीचे कागद असोत, ते बहुतांशी मोडीतच आहेत.

वर्ग निवडताना शुल्क आणि प्रमाणपत्र यांची चौकशी सगळेच करतात. त्याऐवजी, वर्गात अस्सल कागदांच्या छायाप्रती वाचून घेतात का, एवढे विचारावे. दहा दिवसांत नुसती बाराखडी शिकवणाऱ्या वर्गातून बाहेर पडलेल्याला स्वतःचे नाव मोडीत लिहिता येते, पण पेशवेकालीन पत्राची पहिली ओळही लागत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतले, 1910 साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग भरवत आले आहे, आणि अशा ठिकाणी शिकवणारे स्वतः दप्तरात बसलेले असण्याची शक्यता अधिक.

मोडी वर्गात समजते, पण अंगवळणी पडते ती घरी. दोन वर्गांच्या मधल्या दिवसांत रोज वीस मिनिटे, शक्यतो सकाळी, लिहिण्यासाठी राखून ठेवावीत, कारण रात्री जेवणानंतर थकलेल्या डोळ्यांना सगळीच वळणे सारखी दिसतात. आधी ओळभर शिरोरेघ ओढावी आणि मग तिच्याखाली हात कमीत कमी उचलत अक्षरे काढावीत. काना किंवा उकार लागला की अक्षराचे रूपच पालटते, म्हणून सुटी अक्षरे घोकण्यापेक्षा बाराखडी गिरवणे फायद्याचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळलेला नसतो, त्यामुळे शुद्धलेखनात काटेकोर असलेल्यांना पहिले काही दिवस फार जड जातात (मलाही गेले). शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि विरामचिन्हेही नसतात. यावर एकच उपाय मला सापडला, तो म्हणजे मोठ्याने वाचणे. जो शब्द कुठे तुटतो हे डोळ्याला कळत नाही, तो कानाला पुष्कळदा कळतो.

सरावाला कागद कुठून आणायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, आणि त्यांतली मराठी पत्रे देवनागरीत छापलेली आहेत. त्यांतले एखादे लहान पत्र स्वतःच्या हाताने मोडीत उतरवून काढावे, आठवडाभर बाजूला ठेवावे आणि मग छापील प्रत झाकून वाचावे. मायने मात्र पाठच करावेत. राजश्री, साष्टांग नमस्कार, विनंती उपरी, येथील कुशल जाणून, शेवटी बहुत काय लिहिणे, ही ठरलेली वाक्ये ओळखीची झाली की त्यांतली अक्षरे पुढच्या अनोळखी मजकुराची किल्ली होतात.

खरी अडचण येते ती तारखांची, आणि तिच्यासाठी वहीची चार पाने वेगळी ठेवावीत. शालिवाहन शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, परंतु जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या दिवसांसाठी 79 मिळवावे लागतात. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके 1682 या दिवशी झाली, म्हणजे 14 जानेवारी 1761. हाच काळ पत्रात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असाही येतो. हा सुहूर सन, म्हणजे अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी कालगणना आहे. त्यात एकम आधी, मग दशक, शतक आणि शेवटी हजार असा क्रम असतो: एक, साठ, शंभर व हजार, म्हणजे 1161. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे तेथून डिसेंबरअखेरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवावेत. आकड्यामागचे ‘छ’ हे अक्षर चंद्राची म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख दाखवते. हिशोब करून झाला तरी जंत्रीशी, म्हणजे तारखांच्या तयार कोष्टकाशी, ताडून पाहिल्याशिवाय तारीख पक्की धरू नये.

कागद वाचता येऊ लागल्यावर त्यावर विश्वास किती ठेवायचा, हा पुढचा धडा. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: कोणी लिहिले, घटनेनंतर किती दिवसांनी, आणि कोणासाठी. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. त्यामुळे ती टाकाऊ ठरत नाही, पण त्याच आठवड्यात लिहिलेल्या पत्राशेजारी ती ठेवताना हात आखडता घ्यावा लागतो. नोकरी केलेल्या माणसाला हे तरुण विद्यार्थ्यापेक्षा लवकर उमगते, कारण वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात काय लिहितात आणि काय गाळतात, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते.

मार्चअखेरीस किंवा दिवाळीत वर्ग बुडणारच, म्हणून पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या माणसाशी छायाप्रतींची देवाणघेवाण ठरवून ठेवावी. सहा-आठ महिन्यांनी घरच्या ट्रंकेतला जुना कागद, म्हणजे खरेदीखत, कर्जरोखा किंवा वतनाचा कागद, काढून पाहण्यास हरकत नाही. त्याला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये आणि घडी जबरदस्तीने उलगडू नये. दिवसाच्या उजेडात, सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून त्याचे छायाचित्र काढावे आणि वर्गात छायाचित्रच न्यावे.