लेन्स शेवटची कधी काढली?

ऑप्टोमेट्री (दृष्टितपासणीचं शिक्षण) करून क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या कामात येणाऱ्यांना वाटतं, आता दिवसभर लेझर मशीनपाशी काम. मीही त्याच समजुतीत आले होते. पहिले दोन महिने फायली लावण्यात, फोन करण्यात आणि संमतीपत्रं समजावण्यात गेले.

संमतीपत्राचंच बघा. चाळिशीच्या मल्टिफोकल लेन्सची चाचणी होती. छापील मराठीत ‘यादृच्छिक पद्धतीने’ असा शब्द. एका काकांनी तो दोनदा वाचला, मान डोलावली आणि सहीला पेन उचललं. मी म्हटलं, “काका, कुठली लेन्स मिळणार हे तुम्ही ठरवणार नाही, डॉक्टरही नाहीत. नाणेफेकच समजा.” तेव्हा कुठे त्यांनी पहिला प्रश्न विचारला. निमूट सही करणाऱ्याची मला अजूनही धास्ती वाटते.

आता माझी चूक. लेझरच्या अभ्यासात एक मुलगी आली, लग्न ठरलेलं, चष्मा घालवायचा होता. तपासणीआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे बंद हवी, असा आमच्या प्रोटोकॉलचा, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्याचा नियम; आरजीपी या कडक लेन्सला याहून जास्त दिवस. मी विचारलं, “लेन्स बंद केली ना?” ती “हो” म्हणाली, मी ‘हो’ लिहिलं. टोपोग्राफी, म्हणजे डोळ्याच्या पृष्ठभागाचा नकाशा, झाली. पुढच्या तपासणीत सिलिंडरच्या (तिरकस) नंबरचा अक्षच बदललेला. खोदून विचारलं तर म्हणाली, “साखरपुड्याच्या आठवड्यात घातली होती हो, फोटोंसाठी.”

लेन्सच्या दाबाने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. कधी तर नकाशा केराटोकोनससारखा (कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) दिसतो. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. एक्सायमर लेझरने त्यातला जो थर उडवला तो परत बसवता येत नाही. ही गफलत वेळेत सापडली, पण फाइलमध्ये तारीख नव्हती. नोंदी तपासायला येणाऱ्या मॉनिटरने बोट ठेवलं, एथिक्स कमिटीला प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे नियम मोडल्याचं, कळवावं लागलं. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारून शेजारी सही-तारीख घालताना हात थरथरत होता. (व्हाइटनर या खात्यात निषिद्ध.)

तेव्हापासून मी ‘ना?’ लावून प्रश्न विचारत नाही. “शेवटची कधी काढली? तारीख सांगा. मध्ये काही कार्य होतं का?”

या कामासाठी अर्ज करण्याआधी जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, चाचण्यांची नियमावली) प्रमाणपत्र घ्या. सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर नेत्रविकाराच्या चाचण्या वाचा. भारतात २००९ पासून तिथली नोंदणी सक्तीची आहे आणि वाचायला पैसे पडत नाहीत. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, ते रकाने तर पाठच करा. लॉगमार या नजर मोजायच्या अक्षरांच्या तक्त्याचा सराव हवाच. तिथे प्रत्येक अक्षराला ०.०२ गुण असतो, त्यामुळे “नाही दिसत” म्हणणाऱ्याला “अंदाजाने सांगा” असं म्हणत पुढे न्यावं लागतं. दुसऱ्या डोळ्याला वेगळा तक्ता लावा, नाहीतर अक्षरं तोंडपाठ असतात.

ती मुलगी तीन आठवड्यांनी चष्मा लावून आली. नकाशा स्वच्छ. मी तोंड उघडायच्या आत तारीख सांगितली आणि म्हणाली, “लेन्सची डबी आईच्या कपाटात आहे. किल्लीही तिच्याकडेच.”