नागपुरात घर बघताय? आधी विचारा, लेआउट कोणाकडं आहे

मिहान, एम्स नाहीतर बदली, काही ना काही कारणानं पुण्या-सांगलीकडून खूप जण आता इकडं येतायत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, एरिया कोणता चांगला? मीपण सांगलीचा, आता इथलाच झालोय, म्हणून मनापासून सांगतो, एरियाचं नाव राहू द्या, लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती महापालिकेकडं आहे, नासुप्रकडं (नागपूर सुधार प्रन्यास) आहे का एनएमआरडीएकडं (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ते आधी विचारा. रस्ता केवढा, नळ येणार का टँकर, पोरांना मैदान उरलंय का, सगळं तिथं ठरतं.

महापालिका 1951 ची, पण सुधार प्रन्यास त्याच्याही आधीचा, 1936 च्या कायद्यातला. जिथं प्रन्यासनं आधी आखणी केली आणि मग घरं झाली तिथं रस्ते सरळ, झाडं, बगीचे, फरक चालतानाच कळतो. बाकीकडं शेतं कापून प्लॉट विकले गेले, मंजुरीबिंजुरी काही नाही, लोक बिचारे आयुष्याची कमाई घालून बसले. हे लेआउट इथं यादीत किती होते त्या आकड्यावरनंच ओळखतात, 572 वाले, 1900 वाले. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात ते नियमित करता येतात, डेव्हलपमेंट चार्ज भरायचा मग आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र मिळतं. तर आरएल बघितल्याशिवाय टोकन देऊच नका. आणि आरएल आहे म्हणजे गटारलाइन आलीच असं समजू नका, शेजारच्या काकूंना विचारा, त्या खरं सांगतील. बेसा-बेलतरोडीकडं तर शहराची हद्द कुठं संपली कळतच नाही, फ्लॅट चकाचक पण उन्हाळ्यात पाण्याचं काय ते नीट विचारून घ्या.

अजून एक, गेटसमोर उभं राहून रस्त्याची उंची बघा. जुन्या डांबरावरच सिमेंट रोड चढवल्यानं कित्येक घरांची अंगणं खाली गेलीत, जोराचा पाऊस आला की पाणी थेट आत, लोक गेटला विटांचा उंबरा बांधून बसलेत. भारी एरियात हे होत नाही असंही नाही, सप्टेंबर 2023 ला एका रात्रीत अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी, गाड्या पाण्यात. नदी-नाल्याची वाट अडू द्यायची का नाही हे कुणीतरी सहीनंच ठरवलेलं असतं ना!

राहायला आलात की टॅक्सवर नाव चढवून घ्या, महापालिकेच्या दहा झोनपैकी आपला कोणता ते बघून ठेवा, प्रभागातले नगरसेवक कोण तेही. मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं प्रशासकच होते, साधा रस्त्यावरचा दिवा बंद पडला तरी कुणाला धरावं कळेना, तेव्हा नगरसेवकाची किंमत कळली. आणि लेआउटचा मंजूर नकाशा काढून घरात ठेवाच, ओपन स्पेसवर कुणी पत्रे ठोकायला लागलं की अर्जाला तोच जोडावा लागतो.