टिनं टाकताय? मग या चुका टाळा

मी टिनं, म्हणजे छपराचे पत्रे, टाकणारा मिस्त्री. आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, मृगाच्या आत टिनं पडली पाहिजे." भिंतींना आठ महिने लावलेले असतात, दाराच्या चौकटीसाठी सागवान शोधत तीन गावं पालथी घातलेली असतात, आणि छपरासाठी उरलेले असतात दोन दिवस. आपलं घर आपणच बांधणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण ही शेवटची घाई मला आवडत नाही, कारण ती निस्तरायला जूनमध्ये मीच जातो, भर पावसात.

सगळ्यात मोठी चूक टिनात नसते, टिनाखाली असते. लोक विचारतात स्क्रू कोणते घेऊ, पत्रा किती जाडीचा घेऊ. टिनं ज्यावर टेकतात तो लोखंडी पाइप भिंतीला कशानं धरलाय, हे कोणी विचारत नाही. पाइप भिंतीवर ठेवला, बाजूला दोन विटा लावल्या, वर सिमेंटचा हात फिरवला, झालं!

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही साडभावाच्या घरी. भिंतींची जुडाई त्यांच्या मिस्त्रीची, टिनं माझी. पाइप आधीच बसवलेले होते. मी हलवून पाहिले, हलले नाहीत, म्हणून लागलो कामाला. मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन सुटलं. समोरची छपरी तिन्ही बाजूंनी उघडी. वारा तिथून आत शिरला आणि छपराला खालून ढकलायला लागला. वरून जाणारा वाराही टिनं ओढतच असतो. पाइपासकट अख्खं छप्पर उचललं गेलं आणि शेजाऱ्याच्या कुटाराच्या ढिगावर जाऊन पडलं. घरचे सगळे गावातच लग्नाला गेले होते, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी मी पाहायला गेलो तर एकही स्क्रू निघालेला नव्हता. शेजारी छपराभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "भाऊ, फिटिंग मात्र एकदम पक्की हाये तुमची." अजून लग्नाकार्यात हे ऐकवतात मला.

तेव्हापासून माझा नियम आहे. जुडाई वर येत असतानाच दहा एमएमची सळाख खाली वाकवून दोन फूट आत काँक्रीटमध्ये गाडायची, वरचं टोक पाइपाला वेल्ड करायचं. पिलर असेल तर पिलरच्याच सळाखी वर ठेवायच्या. मातीच्या जुडाईत सळाख धरत नाही. तिथं मी भिंतीवर भरवसाच ठेवत नाही. चार कोपऱ्यांना पाइपाचे खांब जमिनीत काँक्रीटमध्ये उभे करतो आणि छप्पर त्यांच्यावर घेतो. खर्च वाढतो. वाढू द्या.

आणि टिनावर दगड ठेवू नका. जुने टायर, वाळूची पोती, जात्याची तळी, सगळं पाहिलंय मी. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की तो दगड अंगणात खाटेवर झोपलेल्याच्या डोक्यात.

आता स्क्रू. नालीदार पत्र्याला स्क्रू नालीच्या उंच माथ्यावर मारायचा, खालच्या खोलगट भागात नाही. पाणी खोलगटातूनच वाहतं, मग भोक तिथं कशाला? पण पोरांना खोलगटात मारणं सोपं जातं, कारण तिथं पत्रा पाइपाला टेकलेला असतो. दुसरी खोड म्हणजे मशीन "कर्रर" वाजेपर्यंत दाबत राहायची. त्यानं माथा चेपतो आणि वायसरचं रबर चिरडून बाहेर येतं. आपल्याकडं विदर्भात मेमध्ये सावलीत पंचेचाळीस अंश असतात, टिनावर हात ठेववत नाही. बाहेर आलेलं रबर दोन उन्हाळ्यांत वाळून तडकतं. शिवाय पत्रा दिवसा ताणतो, रात्री आखडतो. बारा फुटी पत्रा चाळीस अंशांच्या फरकानं पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. संध्याकाळी छप्पर टणटण वाजतं ते यामुळंच. ही हालचाल रबरानं सोसायची असते, चिरडलेलं रबर काय सोसणार? मी शेवटचा अर्धा फेरा हातानं देतो. वायसर अंगठ्यानं फिरला नाही की थांबायचं. हसतात पोरं माझ्यावर. मग गळायला लागलं की एम-सील घेऊन वर चढतात. एम-सीलनं घर होत नसते बापा.

कडेच्या पाइपावर एक नाली सोडून एक स्क्रू, मधल्या पाइपांवर दोन सोडून एक. कडेला कंजुषी नको, वारा तिथूनच बोट घालतो. दोन पाइपांत चार फुटांपेक्षा जास्त अंतर मी ठेवत नाही.

उतार फुटाला दोन इंच, म्हणजे दहा फुटांच्या खोलीला वीस इंच. "भिंत उंच करावी लागते जी" म्हणून लोक निम्म्यावर आणतात, मग जोडाखालून पाणी उलटं चढतं. वरखाली जोडाला सहा इंच पत्रा चढवा, आडव्या जोडाला दीड नाली. पाऊस आपल्याकडं बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून टिनं पूर्वेकडून टाकायला घ्या, म्हणजे जोडाचं तोंड पावसाकडं येत नाही.

रंगीत पत्रा ग्राइंडरनं कापू नका. उडालेला गरम कीस रंगात रुततो आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके दिसतात. कात्री वापरा, नाहीतर दुकानातूनच मापात आणा. जुने सिमेंटचे पत्रे तर अजिबात कापू नका. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. त्यांच्यावर पायही देऊ नका, एकदम फुटतात. आणलेली टिनं एकावर एक ओली ठेवू नका, पांढरी बुरशी धरल्यासारखी होतात. पहाटे कामाला लागा, दहाला उतरा. अर्धवट काम ठेवून जाताना सैल पत्रा वर सोडू नका, "उद्या मारतो" म्हणून तर नाहीच.

काम झालं की मी भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत उताणा पडतो. अंधारात वर उजेडाचा ठिपका दिसला की तिथून पाणी येणार. काठीला खडू बांधून खालून खूण करायची, मग वर जाऊन पाहायचं. घरमालकाला वाटतं मिस्त्री झोपला. वाटू द्या.