बोटीत पेट्रोल भरताना नोझल सारखं बंद पडतंय? आधी व्हेंट बघा

बोटीची टाकी अर्धी रिकामी असूनही नोझल खटकन बंद पडतं किंवा पेट्रोल तोंडाशी उसळतं, तेव्हा दोष बहुधा टाकीत नसतो. आत पेट्रोल जातं तेवढीच हवा बाहेर पडायला हवी, आणि ती व्हेंटच्या, म्हणजे टाकीतली हवा ये-जा करण्यासाठी ठेवलेल्या वाटेच्या, बारीक पाइपातून पडते. हा पाइप साधारण १६ मिमीचा, तर भरायचा ३८ मिमीचा.

बोटीच्या कडेवरचं व्हेंटचं तोंड आधी तपासा. तिथल्या जाळीवर मीठ साचतं, कुंभारमाशी मातीचं घर करते. मग पाइप दोन्ही टोकांना सोडवून फुंकर मारा. टाकीला जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा कधीही सोडू नका, टाकी फाटू शकते.

पाइप मोकळा असूनही त्रास राहिला तर झोळ शोधा. खाली लोंबलेल्या भागात पेट्रोल साचून हवा अडते. हे कारण सर्वांत जास्त निसटतं. पाइप टाकीपासून सलग चढता ठेवून क्लिपांनी बांधा. भरायच्या पाइपलाही झोळ नको.

इंजिन पेट्रोल ओढतं तेव्हा याच व्हेंटमधून हवा आत यावी लागते. म्हणून चालू इंजिन गुदमरत असेल, तर भरायचं झाकण क्षणभर सैल करा. इंजिन सावरलं तर व्हेंटच तुंबलाय. सुट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, हेही पाहा.

ही चाचणी सोडून बाकी काम इंजिन आणि बॅटरी बंद ठेवूनच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते. टाकी काठोकाठ भरू नका. उन्हात पेट्रोल फुगून व्हेंटमधून थेट पाण्यात सांडतं.